डिस्क पुन्हा पुन्हा ‘लॉक्ड’ होतेय? कुलूप कुणी लावलं ते आधी बघा

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरवर चालणारा आभासी संगणक) बंद आहे. सुरू करायला गेलं की ओव्हर्टचं इंजिन, म्हणजे सगळ्या व्हीएमचा कारभार बघणारी मुख्य सर्व्हिस, सांगतं, डिस्क लॉक्ड आहे. स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घेता येत नाही, जुना काढता येत नाही, डिस्क दुसऱ्या स्टोरेजवर हलवता येत नाही. टास्कची यादी उघडावी तर तिथं काहीच चालू नाही. होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात तो सर्व्हर) ठीक, स्टोरेज ठीक, बाकीच्या व्हीएम मजेत. एवढी एकच डिस्क रुसून बसलेली.

ओव्हर्ट हे व्हीएम सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी पाहिलंय. शोधलं की दोन मिनिटांत उत्तरही मिळतं: इंजिनच्या मशीनवर जा, अमुक स्क्रिप्ट चालव, डिस्क मोकळी. उत्तर चूक नाही, अर्धं आहे. मी कितीतरी महिने त्या अर्ध्या उत्तरावर काढले. दर काही दिवसांनी सकाळी एखादी डिस्क लॉक्ड दिसायची, मी स्क्रिप्ट चालवायचो आणि चहा प्यायला जायचो. मग एके दिवशी चुकीच्या वेळी कुलूप काढलं आणि सगळा दिवस तेवढं एक निस्तरण्यात गेला. ती गोष्ट पुढे येईलच.

इथलं सगळं ओव्हर्ट ४.४ आणि ४.५ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. रेड हॅट व्हर्च्युअलायझेशन ४.४ आतून तेच असल्यामुळे तिथंही लागू पडेल. कमांड मुद्दाम कॉपी-पेस्ट करता येतील अशा दिलेल्या नाहीत, नावं सांगितली आहेत. डेटाबेसमध्ये हात घालायचा तर प्रत्येक अक्षर स्वतः टाइप करावं या मताचा मी आहे.

कोणतं कुलूप?

‘लॉक’ हा शब्द या दुनियेत निदान चार वेगळ्या गोष्टींना वापरतात, आणि निम्मा गोंधळ तिथंच होतो.

पहिलं कुलूप इंजिनच्या मेमरीत असतं. एखादी कमांड सुरू झाली की इंजिन त्या व्हीएमवर किंवा डिस्कवर मनातल्या मनात खूण करून ठेवतं. त्यामुळे दुसरं काम अडलं तर येणारा निरोप साधारण असा असतो: संबंधित काम सध्या चालू आहे, थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा. या निरोपात ‘लॉक्ड’ शब्द नसतो, तेवढ्यावरून तो ओळखता येतो. डेटाबेसमध्ये कितीही शोधलं तरी हे कुलूप सापडणार नाही. इंजिनची सर्व्हिस रीस्टार्ट केली की ते मेमरीबरोबर जातं.

दुसरं डेटाबेसमधलं. ते एका कॉलममधला आकडा असतं. इंजिन रीस्टार्ट करा, मशीन रीबूट करा, आकडा जागेवरच. ही पोस्ट मुख्यतः या कुलपाबद्दल आहे.

तिसरं सॅनलॉकचं, म्हणजे दोन होस्टनी एकच गोष्ट एकदम वापरू नये म्हणून थेट स्टोरेजवर लिहिलेलं. चौथं क्यूईएमयूचं, म्हणजे होस्टवर व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं: २०१७ साली आलेल्या २.१० आवृत्तीपासून क्यूईएमयू इमेज उघडताना फाइलवर स्वतःचा लॉक घेतं, आणि दुसरी प्रोसेस तीच इमेज लिहिण्यासाठी उघडू पाहील तर ‘राइट लॉक मिळाला नाही’ अशा अर्थाची एरर देतं. ही एरर होस्टवरच्या लॉगमध्ये दिसते. ती दिसत असताना इंजिनच्या डेटाबेसमध्ये खाडाखोड करणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. तिथं इमेज खरोखरच कुणीतरी धरून बसलेलं आहे, ती प्रोसेस शोधा.

म्हणून आधी निरोप नीट वाचा. इंजिनच्या निरोपात डिस्कचं नाव घेऊन ‘लॉक्ड’ म्हटलं असेल, आणि डिस्कच्या यादीत स्टेटसच्या रकान्यातही तेच असेल, तरच पुढं जा.

टेबलात काय लिहिलंय

इंजिनचा डेटाबेस पोस्टग्रेसमध्ये असतो, नाव ‘इंजिन’च. त्याचा पासवर्ड सेटअपच्या वेळी बनलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये असतो. ४.३ मध्ये पोस्टग्रेस १० वेगळ्या सॉफ्टवेअर कलेक्शनमधून यायचं, त्यामुळे डेटाबेसला प्रश्न विचारणारी साधी पीएसक्यूएल कमांड दिली तर ती सापडायचीच नाही. अजून ४.३ वर असाल तर एवढं लक्षात ठेवा. ४.४ पासून पोस्टग्रेस १२ नेहमीच्या जागी आहे. इंजिनच्या डीबीस्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ‘इंजिन-पीएसक्यूएल’ नावाची छोटी शेल स्क्रिप्ट आहे, ती पासवर्ड स्वतःच वाचते. मी तीच वापरतो.

मुख्य टेबल ‘इमेजेस’. इथं पहिली समजुतीची चूक होते. एक ओळ म्हणजे एक डिस्क असं वाटतं, पण एक ओळ म्हणजे एक व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचा एक थर; दर स्नॅपशॉटला वर नवा थर चढतो. तीन स्नॅपशॉट असलेल्या डिस्कच्या इथं चार ओळी असतात. त्या चारही ओळींत ‘इमेज ग्रुप आयडी’ एकच असतो, कारण तोच डिस्कचा आयडी. ‘इमेज जीयूआयडी’ मात्र प्रत्येकीचा निराळा, आणि स्टोरेजवरच्या व्हॉल्यूमचं नावही तेच. ब्लॉक स्टोरेज असेल तर त्या नावाचा एलव्ही (लॉजिकल व्हॉल्यूम) असतो, एनएफएस असेल तर त्या नावाची फाइल. ‘पॅरेंट आयडी’ वरून कोण कुणावर उभं आहे ते कळतं. सगळ्यात तळाच्या व्हॉल्यूमच्या पॅरेंटमध्ये नुसती शून्यं असतात.

आणि मग तो कॉलम: ‘इमेजस्टेटस’. १ म्हणजे ठीक, २ म्हणजे लॉक्ड, ४ म्हणजे इल्लीगल. आपल्याला एवढ्या तिघांशीच मतलब.

क्वेरी साधी ठेवा: ज्या ओळींत इमेजस्टेटस १ नाही त्या सगळ्या. डिस्कचं माणसाला वाचता येईल असं नाव हवं तर ‘बेस डिस्क्स’ टेबल डिस्कच्या आयडीवर जोडा. मागच्या वेळी माझ्यासमोर जे आलं ते सांगतो. एक अडकलेली ओळ मिळाली, मग त्या डिस्कच्या सगळ्या ओळी काढल्या, त्या चार. तळाची १, तिच्यावरची १, तिसरी १, आणि सगळ्यात वरची, म्हणजे ज्यात व्हीएम लिहिते ती, २. नुसत्या या चित्रावरूनही अंदाज बांधता येतो. चारही ओळी २ असत्या तर पूर्ण डिस्कवर काही काम चाललं होतं, उदाहरणार्थ कॉपी किंवा हलवाहलव. एकच ओळ अडकली असेल तर संशय त्या एका व्हॉल्यूमवर काम करणाऱ्यावर. हा नियम नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरवता येतं.

डिस्कबरोबर आणखी दोन जागा बघा. ‘व्हीएम डायनॅमिक’ टेबलात व्हीएमचं स्टेटस १५ असेल तर इंजिनच्या लेखी त्या व्हीएमची इमेज लॉक्ड आहे. ‘स्नॅपशॉट्स’ टेबलात स्टेटस आकड्यात नाही, शब्दात असतं: ओके, लॉक्ड, इन प्रिव्ह्यू. डिस्क मोकळी केली आणि स्नॅपशॉटची ओळ तशीच राहिली तर पुढचा स्नॅपशॉट अडेल आणि तुम्ही पुन्हा ‘अरे, आत्ता तर केलं होतं’ म्हणत बसाल.

कुलूप लावणारा कोण?

डेटाबेसमधलं कुलूप म्हणजे काम सुरू करणाऱ्यानं दारावर लावलेली चिठ्ठी: आत काम चालू आहे, येऊ नये. काम संपलं की चिठ्ठी काढायची जबाबदारी त्याचीच. तो मध्येच मेला तर चिठ्ठी राहते. पण चिठ्ठी दिसतेय म्हणजे तो मेला, असं नाही. नुसता हळू काम करत असेल. या दोन शक्यतांमधला फरक ओळखणं एवढंच खरं ट्रबलशूटिंग. चिठ्ठी फाडायला काय, पाच सेकंद लागतात.

सुरुवात लॉगपासून. इंजिनच्या लॉगमध्ये डिस्कचा आयडी शोधा. आजच्याच फाइलमध्ये शोधून ‘काही नाही’ म्हणू नका. जुन्या फाइली रोज गुंडाळून झिप केलेल्या असतात, त्यांत झेड-ग्रेपनं शोधावं लागतं. कुलूप तीन दिवसांपूर्वीचं असेल तर पुरावाही तीन दिवसांपूर्वीच्याच फाइलमध्ये असणार. त्या डिस्कचं नाव घेणारी शेवटची ओळ सापडली की तिच्यातला कोरिलेशन आयडी उचला आणि त्यावर पुन्हा शोध घ्या. आता त्या एका कामाची सुरुवातीपासूनची कहाणी सलग समोर येते: कुठली कमांड, कुणी दिली, कोणत्या होस्टवर गेली, कुठं थांबली.

मग डेटाबेसमध्येच मालकाचा शोध. ‘कमांड एन्टिटीज’ टेबलात अजून न संपलेल्या कमांड असतात. ‘एसिंक टास्क्स’ मध्ये होस्टला सोपवलेली कामं. ‘इमेज ट्रान्सफर्स’ मध्ये डिस्क अपलोड-डाउनलोड. हे शेवटचं टेबल लोक सर्रास विसरतात, आणि माझ्या सगळ्या कटकटीचं मूळ नेमकं तिथंच होतं.

इंजिनच्या पडद्यावरची टास्कची यादी रिकामी आहे, हा पुरावा समजू नका. ती ‘जॉब’ नावाच्या टेबलातून येते आणि तिथल्या जुन्या ओळी साफ होत राहतात. जॉबची ओळ गेली म्हणजे काम संपलंच असं होत नाही.

शेवटी होस्टवर जा. तिथं व्हीडीएसएम ही इंजिनचे हुकूम पाळणारी सर्व्हिस असते; व्हीडीएसएम-क्लायंटनं एसपीएम होस्टवरचे, म्हणजे स्टोरेजची व्यवस्था ज्याच्याकडे सोपवलेली असते त्या होस्टवरचे, टास्क विचारा. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण डिस्क कॉपीसारखी बरीच कामं आता एसपीएमवरच होतात असं नाही; कोणत्याही होस्टवर ‘जॉब’ म्हणून चालू शकतात. म्हणून ज्या होस्टचं नाव लॉगमध्ये आलं तिथले जॉबही विचारा, आणि प्रोसेसच्या यादीत क्यूईएमयू-इमेज कन्व्हर्ट (इमेजची कॉपी करणारी कमांड) चालू आहे का बघा. त्या प्रोसेसच्या ओळीत व्हॉल्यूमचा आयडी असतो. तो तुमच्या आयडीशी जुळला, तर हात मागे घ्या. मोठी डिस्क आणि संथ स्टोरेज असेल तर काम तासन्‌तास चालतं.

आता ती गोष्ट. एका सकाळी एका डेटाबेस व्हीएमचा स्नॅपशॉट लॉक्ड दिसला. बॅकअपनं रात्री घेतलेला स्नॅपशॉट काढायचं काम अर्धवट असावं असं वाटलं. टास्कची यादी रिकामी. मी इंजिन रीस्टार्ट केलं, टास्कक्लीनर नावाच्या स्क्रिप्टनं उरलेल्या कमांडही पुसल्या, मग कुलूप काढलं. सगळं हिरवं झालं. होस्टवर मात्र मर्ज, म्हणजे स्नॅपशॉट काढताना वरचा थर खालच्यात ओतायचं काम, अजून चालूच होतं. मोठी डिस्क होती आणि तिच्यावर लिखाणही भरपूर. थोड्या वेळानं कुणीतरी नवा स्नॅपशॉट घ्यायला गेलं, होस्टनं नकार दिला, आणि इंजिनची समजूत व होस्टवरची खरी साखळी यांचा मेळ सुटला. दोष कुणाचाच नव्हता, माझा सोडून. प्रोसेस आणि ब्लॉक जॉब (चालू व्हीएमच्या डिस्कवरचं काम) बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

टास्कक्लीनरबद्दल इथंच सांगून टाकतो. ती स्क्रिप्ट इंजिनची आठवण पुसते, होस्टवरचं काम थांबवत नाही. आठवण पुसल्यावर ते काम संपलं तरी इंजिनला कळायचा मार्ग उरत नाही. अगदी खात्री झाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका.

कुलूप काढताना

काम खरंच मेलेलं आहे अशी खात्री पटली, तर पुढचं सोपं आहे.

आधी बॅकअप. इंजिन-बॅकअप कमांडनं डेटाबेसची प्रत घ्या आणि ती फाइल इंजिनच्या मशीनवरून दुसरीकडे हलवा. इंजिन थांबवून काम करणार असाल, आणि सेल्फ-होस्टेड इंजिन (स्वतःच एका व्हीएममध्ये चालणारं) असेल, तर आधी ग्लोबल मेंटेनन्स लावा. नाहीतर तुम्ही सर्व्हिस थांबवली की इंजिनवर लक्ष ठेवणाऱ्या एचए एजंटला वाटतं इंजिन आजारी पडलं, आणि तुम्ही डेटाबेसमध्ये असतानाच तो इंजिनची व्हीएम रीबूट करून मोकळा होतो. सर्व्हिस थांबवली तरी पोस्टग्रेस चालूच राहतं, त्यामुळे अडचण येत नाही. स्क्रिप्ट इंजिन चालू असतानाही चालते, पण तेव्हा निदान दुसरं कुणी त्या व्हीएमला हात लावत नाहीये एवढं तरी बघा.

स्क्रिप्टचं नाव ‘अनलॉक एन्टिटी’, जागा सेटअप फोल्डरमधल्या डीबीयूटिल्समध्ये. पहिल्या खेपेला फक्त क्वेरीच्या पर्यायानं चालवा. मग ती काही बदलत नाही, लॉक्ड असलेल्या व्हीएम, टेम्प्लेट, डिस्क, स्नॅपशॉट यांची यादी छापते. यादी आणि तुमची स्वतःची क्वेरी जुळतेय का ते बघा. दुसऱ्या खेपेला प्रकार ‘डिस्क’ आणि नेमका आयडी. स्क्रिप्ट इशारा देते: यामुळे डेटा करप्ट होऊ शकतो, आधी सपोर्टशी बोला, पुढं जायचं का? वाय दाबायच्या आधी हा इशारा एकदा खरोखर वाचा. मीही पहिली पन्नासेक वेळा वाचला नव्हता.

प्रकार ‘ऑल’ हाही एक पर्याय आहे. चालू व्यवस्थेवर तो वापरू नका. त्या क्षणी ज्या डिस्कवर खरोखर काम चालू आहे त्यांचीही कुलपं त्यात जातात.

स्नॅपशॉट आणि व्हीएम वेगळी मोकळी करावी लागतात. व्हीएमचा आयडी देऊन रिकर्सिव्हचा पर्याय लावला तर तिच्याखालच्या डिस्कही सुटतात. सोय आहे खरी, पण मला एकेक करून सोडवणं आवडतं. काय काय अडकलं होतं ते त्यातून कळतं.

थेट अपडेट का करू नये? स्क्रिप्टच्या मागचं फंक्शन फक्त त्या डिस्कच्या, आणि त्यातही फक्त २ असलेल्या ओळींना १ करतं. ४ असलेल्या ओळीला ते हात लावत नाही. हातानं लिहिलेल्या अपडेटमध्ये ही दुसरी अट लोक हमखास विसरतात. काही कारणानं हातानंच करायची वेळ आली तर आधी बिगिन लिहा, मग अपडेट, मग किती ओळी बदलल्या तो आकडा बघा, मगच कमिट. एकदा मला उत्तरात १ हवा होता आणि तीन आकडी संख्या आली, कारण व्हेअरमध्ये चुकीचा कॉलम लिहिला होता. बिगिन लिहिलं होतं म्हणून रोलबॅक करता आलं. हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

२ नसून ४ असेल तर थांबा

४ हे कुलूप नाही. इंजिनच्या मते या व्हॉल्यूममधला डेटा विश्वासार्ह उरलेला नाही, असा त्याचा अर्थ. आणि बहुतेक वेळा इंजिनचं बरोबर असतं.

हे होतं कसं ते समजून घेतलं तर पुढची चूक टळते. समजा खाली व्हॉल्यूम ए, त्याच्यावर बी. व्हीएम चालू आहे आणि बीमध्ये लिहितेय. स्नॅपशॉट काढायचा म्हणजे बीमधले बदल एमध्ये ओतायचे. क्यूईएमयू ते चालू व्हीएमवर करतं. सगळं ओतून झालं की एका क्षणी व्हीएम बी सोडून थेट एवर लिहायला लागते. याला पिव्हट म्हणतात. मग बी काढून टाकायचा. पिव्हटच्या आधीच व्हीडीएसएम स्टोरेजवरच्या मेटाडेटामध्ये बीवर ‘इल्लीगल’ असा शिक्का मारून ठेवतं. का? कारण पिव्हट झाला आणि नेमकं तेव्हाच इंजिनचा होस्टशी संपर्क तुटला, तर इंजिनच्या डेटाबेसमध्ये अजून बीच सक्रिय असतो. पुढच्या वेळी व्हीएम बीवरून सुरू झाली तर? बी पिव्हटच्या क्षणी गोठलेला, आणि खालचा ए त्यानंतर बदललेला. जुना थर नव्या पायावर ठेवला की फाइलसिस्टिमची खिचडी झालीच समजा. तसं होऊ नये म्हणून तो शिक्का. इल्लीगल व्हॉल्यूम व्हीएमसाठी उघडून द्यायला व्हीडीएसएम सरळ नकार देतं.

आता कल्पना करा, कुणीतरी डेटाबेसमध्ये ४ चा १ केला, तरी व्हीएम उठेना म्हणून स्टोरेजवरच्या मेटाडेटातला शिक्काही पुसला. व्हीएम उठते. सगळ्यांना आनंद होतो. खरा प्रकार काही तासांनी कळतो.

म्हणून ४ दिसला आणि व्हीएम चालू असेल, तर पहिला नियम: व्हीएम बंद करू नका. चालू व्हीएमकडे खरी साखळी आहे. ती ज्या होस्टवर आहे तिथं व्हर्श (चालू व्हीएमची माहिती देणारी कमांड) रीड-ओन्ली पर्यायानं चालवून तिचा एक्सएमएल काढा. डिस्कच्या भागात सोर्स कोणता आणि त्याखाली बॅकिंग स्टोअर कोणकोणते, ते लिहून घ्या. मग व्हीडीएसएम-टूलची डम्प-व्हॉल्यूम-चेन्स ही कमांड स्टोरेज डोमेनच्या आयडीवर चालवा. ती स्टोरेजवरचा मेटाडेटा वाचून प्रत्येक डिस्कची साखळी आणि प्रत्येक व्हॉल्यूमची लीगॅलिटी छापते. तिसरी बाजू डेटाबेसमधल्या ओळी. मी कागदावर तीन उभे रकाने काढतो: व्हीएम काय म्हणते, स्टोरेज काय म्हणतं, इंजिन काय म्हणतं. आयडीचे शेवटचे चार अक्षर-अंक लिहिले तरी पुरतात.

इल्लीगल व्हॉल्यूम चालू व्हीएमच्या साखळीत नसेल, तर मर्ज झालेलं आहे, फक्त इंजिनला कळलेलं नाही. अशा वेळी पडद्यावरून तोच स्नॅपशॉट पुन्हा डिलीट करायला सांगा. अर्धवट मर्ज पुढं नेण्याची सोय इंजिनमध्ये आहे, आणि माझ्या अनुभवात हा साधा उपाय लोक सगळ्यात शेवटी करतात. व्हॉल्यूम अजून साखळीत असेल तर पिव्हट झालेला नाही, त्यातला डेटा जिवंत आहे. तेव्हाही डिलीटच पुन्हा, पण आधी मर्ज का अडलं ते शोधून. स्टोरेजवर जागा नव्हती की होस्टचा स्टोरेजशी संपर्क गेला होता, ते व्हीडीएसएमच्या लॉगमध्ये मिळतं.

व्हीएम बंद असेल तर काम नाजूक आहे. काहीही बदलण्याआधी सगळ्या व्हॉल्यूमची प्रत दुसरीकडे काढा. क्यूईएमयू-इमेजचा इन्फो पर्याय पूर्ण बॅकिंग चेनसह चालवून साखळी बघा, चेक चालवून बघा. ब्लॉक स्टोरेजवर आधी एलव्ही सक्रिय करावे लागतात. ते एकाच होस्टवर करा आणि काम झालं की लगेच निष्क्रिय करा. प्रतीवर प्रयोग करून कोणत्या साखळीतून फाइलसिस्टिम नीट उघडते ते ठरवा, आणि त्यानंतरच डेटाबेसकडे वळा.

मग दर आठवड्याला का?

माझं दुखणं २ चंच होतं, ४ चं क्वचित. आणि ते परत परत यायचं. जवळजवळ दरवेळी नव्या डिस्कवर, म्हणून मला तो योगायोग वाटत राहिला. शेवटी मी वेगळंच केलं: कुलूप काढायच्या आधी त्या डिस्कबद्दल टेबलांमध्ये जे जे होतं ते एका फाइलमध्ये उतरवून ठेवू लागलो. पाच-सहा फाइली झाल्यावर त्या शेजारी ठेवल्या. प्रत्येकीत ‘इमेज ट्रान्सफर्स’ मध्ये एक ओळ होती, आणि तिचा टप्पा: सिस्टिमनं थांबवलेलं.

उलगडा असा. बॅकअपमधून डिस्क खरंच परत मिळवता येते का हे तपासायला आमची एक स्क्रिप्ट रात्री काही डिस्क परत अपलोड करायची. स्क्रिप्टला वेळेची मर्यादा होती. मर्यादा संपली की क्रॉनमधली टाइमआउट कमांड तिला मारायची. मेलेली स्क्रिप्ट इंजिनला ‘झालं’ही सांगत नसे आणि ‘रद्द’ही. इंजिन थोडा वेळ वाट बघतं. क्लायंटकडून हालचाल न होण्याची मर्यादा मुळात ६० सेकंदांची आहे. मग ट्रान्सफर थांबवून ठेवतं, की बाबा, येईल परत आणि पुढं चालू करेल. तोवर डिस्क लॉक्ड. बरोबरच आहे, अर्धवट भरलेली डिस्क कुणी वापरू नये. परत येणारं मात्र कुणीच नव्हतं. टाइमआउट पॉलिसी काही सांगितली नसेल तर जुन्या पद्धतीप्रमाणे डाउनलोड रद्द होतं आणि अपलोड थांबून राहतं. म्हणून फक्त अपलोडवालेच अडकत होते.

म्हणजे मी इतके महिने ज्यांचं कुलूप काढत होतो त्या डिस्क अर्धवट भरलेल्या होत्या. कुलूप काढणाऱ्या स्क्रिप्टनं त्या ‘ठीक’ दिसायच्या. त्यातली एखादी कुणी खऱ्या कामाला जोडली असती तर?

उपाय दोन ओळींचा निघाला. ट्रान्सफर सुरू करताना टाइमआउट पॉलिसी ‘कॅन्सल’ द्यायची, आणि स्क्रिप्टमध्ये टर्म सिग्नल पकडून जाता जाता ट्रान्सफर रद्द करायचं. एक सावधगिरी: अपलोड रद्द केलं की इंजिन ती अर्धवट डिस्क काढून टाकतं. तपासणीच्या डिस्कसाठी तेच हवं होतं. तुमचं अपलोड मोलाचं असेल आणि पुढं चालू करायचं असेल, तर ही पॉलिसी तुमच्या कामाची नाही. आधीच अडकलेल्या ट्रान्सफर मी पडद्यावरून रद्द केल्या, डेटाबेसमधून नाही. दार आहे तिथं खिडकीतून कशाला शिरा?

आता इंजिनच्या मशीनवर तासातासाला एक क्वेरी चालते, फक्त वाचणारी, वेगळ्या रीड-ओन्ली यूजरनं. १ नसलेल्या ओळींची यादी ती फाइलमध्ये ठेवते आणि मागच्या यादीशी ताडून बघते. एका तासात दिसलेलं कुलूप म्हणजे काम. तेच कुलूप सलग सहा याद्यांत आलं तर मला मेल येते, बरोबर ट्रान्सफर आणि कमांडच्या ओळीही जोडलेल्या असतात. सहा हा आमच्या सगळ्यात मोठ्या डिस्कच्या कॉपीला लागणाऱ्या वेळेवरून ठरवलेला आकडा, तुमचा वेगळा असेल.

मेल आता क्वचितच येते. फक्त एक ४ बऱ्याच दिवसांपासून यादीत ठाण मांडून आहे, कुणी वापरत नसलेल्या एका जुन्या व्हीएमचा. व्हीएम बंद, प्रत काढून झालीय, तीन रकान्यांचा कागदही तयार आहे. तिसऱ्या रकान्यातला एक आयडी अजून जुळत नाहीये, म्हणून त्या ओळीला हात लावलेला नाही.